‘राणी चिलखतात गुदमरली’ या परीक्षणाला प्रकाशकाचं उत्तर

नमस्कार,

आमच्या राणीच्या कॉमिकला दोनच तारे दिलेत, पण कारणंही सविस्तर लिहिलीत. नुसते तारे टाकून जाणारेच जास्त असतात, म्हणून आभार.

आधी आमची चूक. राणी आणि सर्पदेवतेच्या झुंजीचं दोन पानी चित्र बाइंडिंगने गिळलं, हे अगदी खरं. अंक आधी सेंटर पिनचा, म्हणजे मधोमध पिना मारलेला ठरला होता, त्यात पान सपाट उघडतं. मग पानं वाढली, परफेक्ट बाइंडिंग (पानं पाठीकडे गोंदाने चिकटवणं) करावं लागलं आणि मधली जागा वाढवायची राहून गेली. नेमका राणीचा चेहराच तिथे! दोष छापखान्याचा नाही. शेवटची फाइल मी तपासली होती. ते चित्र आता सलग कागदावर छापून घेतोय. ऑर्डर क्रमांक कळवा, तुमची प्रत पाठवतो. चेटकिणीचे काळ्यावरचे जांभळे संवाद वाचवत नाहीत, हेही कबूल. पुढच्या छपाईत ते बदलतील.

चिलखतावरून मात्र भांडणार. ‘अशा कॉमिकमधली राणी नखशिखान्त झाकलेली नसते’ असं तुम्ही लिहिलंत. सी. एल. मूर या लेखिकेच्या कथांमधली लढवय्यी नायिका जिरेल १९३४ साली आली, तीही स्वतःच्या गढीची मालकीण. पहिल्याच कथेत तिला कैद करून आणतात आणि शिरस्त्राण काढल्यावर जेत्याला कळतं की ही बाई आहे. चिलखत अंगभर नसतं तर तो प्रसंगच घडला नसता. तुम्ही आमच्या राणीला जिची नक्कल म्हणता ती कॉमिकमधली तलवारबाज रेड सोन्यासुद्धा १९७३ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा अंगात लांब बाह्यांचा, धातूच्या कड्यांचा अंगरखा होता. ती प्रसिद्ध तोकडी बिकिनी नंतरची.

असा अंगरखा साधारण १० किलोचा भरतो. कमरेला पट्टा आवळला की खांद्यावरचा भार थोडा कंबरेवर येतो. आमची राणी प्रत्येक लढाईआधी पट्टा आवळते ते त्यासाठी. (चित्रकाराने हे स्वतः वजन बांधून चालून पाहिलं, दोन दिवस पाठ धरली होती.) आणि तलवार ‘काडीसारखी’ म्हणालात, तर एका हाताने चालवायची खरी तलवार एक ते दीड किलोचीच असते. फळीएवढं पातं पहिल्या आराखड्यात होतं, ते मीच काढायला लावलं.

राणीला जादू का येत नाही? कारण तलवार आणि जादूच्या या कथांमध्ये जादू बहुधा शत्रूच्या हातात असते, आणि नायिका तिच्या वाटेला गेलीच तर त्याची किंमत मोजते. जिरेललाही ती महागात पडली. आमच्या राणीकडे पोलाद आहे आणि डोकं आहे. तरी शेवटचा सामना चार पानांत उरकला, ही तुमची तक्रार मला झोंबली, कारण संपादनाच्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं आणि मी गप्प बसलो.

दुसऱ्या भागात राणी अकरा पानं चिलखताविना आहे. तापाने फणफणलेली, घोंगडीत गुंडाळलेली. तुम्हाला हवं होतं ते हे नसावं.

– प्रकाशक