‘रेसिंग क्लच टाका, हजार किलोमीटरमध्ये सेट होतो’ म्हणे!

गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आशय असा: कंपनीचा क्लच काढा, सहा पक्सची (म्हणजे घर्षणाच्या सहा सुट्या ठोकळ्यांची) सिरॅमिक प्लेट आणि कडक प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी तबकडी) टाका. पिकअप वाढेल. क्लच घसरणार नाही, म्हणजे झिजणार नाही, म्हणून ट्रॅफिकला तर हाच उत्तम. सुरुवातीला झटके बसतील, पण हजार किलोमीटरमध्ये ‘सेट’ होऊन कंपनीच्या क्लचसारखा चालेल. त्यानंतरही झटके बसत असतील तर दोष तुमच्या पायाचा.

या शेवटच्या वाक्याची गंमत बघा. तक्रार केली की तक्रार करणाराच अडाणी ठरतो, त्यामुळे बरेच जण गप्प बसतात आणि मेसेज पुढे जातो.

पिकअपचं आधी उरकतो. क्लच ताकद तयार करत नाही, इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवतो. २०१८च्या स्विफ्टचं पेट्रोल इंजिन जास्तीत जास्त ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. कंपनीचा धडधाकट क्लच तेवढा टॉर्क आरामात पेलतो. त्याच्या दुप्पट पेलणारा क्लच बसवलात तरी चाकांपर्यंत तेवढंच पोचणार. क्लच एकदम पकडल्यामुळे पाठ सीटला आपटते, आणि त्या आपटण्यालाच लोक पिकअप म्हणतात.

आता ‘घसरत नाही म्हणून ट्रॅफिकला उत्तम’. मेसेजमधला हा सगळ्यांत उलटा दावा आहे, म्हणून जरा सविस्तर.

छोटी पेट्रोल गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, नुसत्या आयडलवर (रेस न देता) साधारण ताशी ६-७ किलोमीटरने चालते. चालणारा माणूस ताशी ५च्या आसपास असतो. संध्याकाळी ठाण्यात घोडबंदर रोडने कापूरबावडीहून कासारवडवलीकडे येताना गाड्या कितीने सरकतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. मेट्रोच्या कामाने खाल्लेल्या पट्ट्यात तर शेजारचा पादचारी पुढे निघून जातो. आयडलपेक्षा कमी वेगाने गाडी चालवायची म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यात कुठेतरी काहीतरी घसरलंच पाहिजे. ती जागा क्लचची. रस्त्यावरच्या गाडीत न जळता, हवं तेवढंच घसरणं ही क्लचची नोकरीच आहे, आणि पक प्लेटमध्ये नेमकं तेच कौशल्य काढून टाकलेलं असतं.

उष्णतेचा हिशेबही मेसेजच्या विरुद्ध जातो. सपाट रस्त्यावर उभी गाडी उचलताना, इंजिनाचा आरपीएम (मिनिटाचे फेरे) एका जागी धरला, तर क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता त्या आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्लेट कुठलीही असो. कंपनीच्या क्लचवर १२०० आरपीएमला गाडी अलगद उचलता येते. पक प्लेटवर तेवढ्यात इंजिन बंद पडतं, म्हणून हात-पाय शिकतात २०००ला उचलायला. म्हणजे प्रत्येक वेळी सुमारे पावणेतीनपट उष्णता. सिरॅमिक ती सोसतं, हे खरं. पण समोरच्या फ्लायव्हीलचं, म्हणजे क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकाचं काय?

असं एक फ्लायव्हील वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजच्या बाकावर पाहिलं. पृष्ठभागावर निळे-काळे डाग, नाण्याएवढे. लेथवर लावलं तर हत्यार त्या डागांवरून उडी मारून जात होतं, कारण तापून-निवून तिथलं बीड (ओतीव लोखंड) कडक झालेलं. लेथवाल्याने ते सरळ ग्राइंडिंगला पाठवायला सांगितलं. मेसेजमध्ये ‘झिजणार नाही’ लिहिलंय ते फार तर पक्सबद्दल खरं असेल. पक्स टिकतात आणि फ्लायव्हील, प्रेशर प्लेट खातात, आणि त्यातलं काहीही बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी तीच.

आणि ते ‘सेट’ होणं. नवा क्लच पहिले काहीशे किलोमीटर जपून चालवायचा असतो, हा सल्ला योग्य आहे. दोन्ही पृष्ठभागांचे उंचवटे घासून एकमेकांवर बसतात, थरथर थोडी कमी होते. पण कंपनीच्या प्लेटमध्ये दोन फेसिंगच्या (घासणाऱ्या थरांच्या) मधोमध लाटांसारखी वाकवलेली पातळ पोलादी पात असते. क्लच सोडताना ती मिलिमीटरभराच्या आत दबत जाते, आणि तेवढ्या दबण्यातून पायाला हाफ क्लच सापडतो. मधल्या हबभोवतीच्या स्प्रिंगा इंजिनाचे ठोके आणि धक्के गिळतात. पक प्लेटमध्ये ती पात सहसा नसते; पक्के रेसिंग प्रकार असतील तर स्प्रिंगाही नसतात. हजार किलोमीटर चालवा नाहीतर पन्नास हजार, जो भाग बसवलेलाच नाही तो उगवणार कसा?

पायाच्या दोषाकडे येतो. माझ्या भाच्याच्या जुन्या टर्बो पेट्रोल सेदानमध्ये अशी प्लेट आहे, आणि पोरगा गाडी उत्तम चालवतो. त्याच्या मानपाड्याच्या सोसायटीत पार्किंग पोडियमवर, म्हणजे रोज रॅम्प. वळणावर वरून गाडी आली की अध्येमध्ये थांबणं आलं. मग हँडब्रेक, थोडा रेस, पेडल हळूहळू वर. काही नाही. अजून वर, तरी काही नाही. शेवटच्या बोटभर अंतरात गाडी पुढे झेपावते, इंजिन माउंटिंगवर मागे-पुढे डोलतं, गाडीच्या हिसक्याने त्याचा पाय पेडलवर हलतो आणि पाय हलला म्हणून पुढचा हिसका. दारातली पाण्याची बाटली खडखडते, वॉचमन खांबाआड सरकतो. रिव्हर्समध्ये पार्क करताना मागे भिंत वीतभर असेल तर मी खाली उतरून उभा राहतो. बोटभर अंतरात सगळं उरकायचं, तिथे पाय तरी काय करणार?

रेसमध्ये हे कसं चालतं, असं विचारतात. चालतं, कारण तिथे क्लचला काम फार थोडं: स्टार्टला एकदा, पिटमधून निघताना एकदा. अनेक रेसगाड्यांच्या सिक्वेन्शियल (ओळीने एकेक गिअर टाकायच्या) गिअरबॉक्सला वरचे गिअर टाकताना क्लच लागतही नाही. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, म्हणजे रेस ट्रॅकवर, ठाण्याच्या तीन हात नाक्यासारखा सिग्नल नाही.

कडक पेडलला ‘पायाचा व्यायाम’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: क्लच दाबला की प्रेशर प्लेटचा तो सगळा जोर रिलीज बेअरिंगमधून इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, थ्रस्ट बेअरिंगवर जातो. माजिवड्याच्या सिग्नलला गिअरमध्ये, क्लच दाबून बसलात तर दुखतो तो फक्त गुडघा नव्हे.

मग असा क्लच कुणालाच नको का? असं नाही. टर्बो गाडीचं रिमॅप केलंय (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलीय), तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिल्यावर आरपीएम चढतो पण वेग त्या मानाने चढत नाही, तर क्लच खरोखर कमी पडतोय. तरीही पहिली पायरी पक प्लेट नव्हे. जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि तिच्यासोबत पूर्ण गोल ऑरगॅनिक फेसिंगची, स्प्रिंग-हबवाली प्लेट घ्या. पेडल थोडं जड होईल, पण हाफ क्लच जिवंत राहील. ताकद फारच वाढवली असेल तर दोन प्लेटवाला क्लच: घर्षणाचे पृष्ठभाग दोनाचे चार होतात, त्यामुळे तेवढ्याच दाबात दुप्पट टॉर्क पेलतो. महाग आहे, हे आहेच.

खोक्यावरच्या ‘स्टेज २’, ‘स्टेज ३’ला भुलू नका. तो कुठला मानक नाही, ज्याची त्याची मोजपट्टी. गॅरेजवाल्याला सरळ विचारा: फेसिंग कशाचं, हबला स्प्रिंगा आहेत का, मधली पात आहे का, आणि हीच प्लेट टाकलेल्या एखाद्या गाडीत मला बसवून संध्याकाळी सात वाजता वाघबीळपर्यंत नेतोस का. चौथ्या प्रश्नाला तो हसला तर पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं ऐकायची गरज नाही.