चिपचं रुसणं

रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं, ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत काळ्या पट्टीची डेबिट-क्रेडिट कार्डं बदलून चिपवाली द्या. पट्टीची नक्कल होते, चिप दर व्यवहाराला नवा कोड काढते. मान्य, बाबांनो! पण वाण्याच्या काउंटरवर माझंच कार्ड का रुसतं? खुपसा, 'चिप एरर'. काढा, सदऱ्याला पुसा, पुन्हा खुपसा. मागे रांग चुळबुळतेय. पोरगा म्हणतो, "काका, स्वाइप करून बघतो." मशीन म्हणतं, चिपचं कार्ड आहे, चिपच घाला! अरे, तीच तर चालत नाहीये ना! नवं मागावं तर बँक बदलीचे पैसे कापणार, वर जीएसटी. एटीएमची आणखी वेगळी तऱ्हा, काम होईपर्यंत कार्ड जबड्यात. परवा नोटा मोजत बाहेर पडलो, कार्ड तिथंच.