दोन खोल्यांना कुलूप

तळटिपा न वाचणाऱ्या माणसाने दुसऱ्याला मदरबोर्ड निवडून देऊ नये, असं वरच्या मजल्यावरचे काका परवा म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, छताकडे बघून म्हणाले. म्हणून जास्त झोंबलं.

प्रकार इतकाच. नवा मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर जोडतात ती पाटी, त्यावर तीन एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणाऱ्या चपट्या डिस्क) आणि जुन्या मशीनमधून काढलेल्या दोन हार्ड डिस्क. बायॉसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर, तिन्ही एसएसडी दिसतात, हार्ड डिस्क एकही दिसत नाही. डेटा केबल बदलून झाली, पॉवरची बदलून झाली, डिस्कला कान लावून झाला. आत तबकड्या सुखाने फिरत होत्या. दीड तास मी त्या बिचाऱ्या डिस्कांवर संशय घेत बसलो होतो. दार उघडं होतं. काका आत आले.

काकांचं अख्खं आयुष्य इमारतींचे नकाशे काढण्यात गेलं. कॉम्प्युटर ते वापरत नाहीत. पण खिशात पेनाशेजारी पिवळी पडलेली प्लॅस्टिकची सहा इंची पट्टी अजून असते. न जाणो, कुणी वाटेत थांबवून भिंत मोजायला सांगायचं. उघड्या कॅबिनेटमध्ये डोकावून त्यांनी पहिला प्रश्न केला, "नकाशा कुठाय?"

"कसला नकाशा, काका?"

"अरे, ह्याचा! एवढं बांधकाम केलंस ते नकाशाशिवाय?"

खोक्यात आलेली घडीची पुस्तिका मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून परत दिली. "ही जाहिरात झाली. नकाशा दे." खरा नकाशा, म्हणजे पूर्ण मॅन्युअल, हल्ली बहुधा छापतच नाहीत. पुस्तिकेच्या कोपऱ्यात एक क्यूआर कोड असतो, त्यामागे दीडशे पानांची पीडीएफ. ती लॅपटॉपवर उघडून दिली, म्हटलं बसतील वाचत, आपण आपलं काम करू. चुकलंच.

आधी पट्टीने बोर्ड मोजून झाला. सहा आणि सहा बारा. आडवा साडेनऊच्या जरासा वर. "३०५ बाय २४४ मिलिमीटर," मी म्हटलं, "एटीएक्स. १९९५ पासून हेच माप आहे." काका म्हणाले, "मापात आहे." संपूर्ण भेटीतलं हे एकमेव कौतुक, तेही १९९५ मध्ये ज्यांनी माप ठरवलं त्यांचं.

पण मोजायची सवय वाईट नाही. स्वस्तातले काही बोर्ड एटीएक्स म्हणून विकले जातात आणि रुंदीला भरतात २२ सेंटिमीटरच्या आसपास. उंची पूर्ण असते, त्यामुळे फोटोत कळत नाही. मग कॅबिनेटमधल्या नऊ पितळी स्टँडऑफपैकी (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) उजव्या रांगेतल्या तिघांवर बोर्ड पोचतच नाही. ती कड अधांतरी राहते. आणि २४ पिनांचा पॉवर कनेक्टर आणि रॅमच्या खाचा नेमक्या त्याच कडेला असतात, म्हणजे जिथे सगळ्यात जोर लावावा लागतो तिथे खाली आधार नाही. रॅम बसवताना बोर्ड धनुष्यासारखा वाकतो आणि आपण श्वास रोखून "बस, बस" म्हणत राहतो. याउलट, बोर्डाला जिथे भोक नाही तिथे चुकून एक स्टँडऑफ लावलेला राहिला तर तो पाठीमागून शॉर्ट करतो. स्क्रू घालण्याआधी भोकं मोजा, स्टँडऑफ मोजा.

काका आता वरच्या डाव्या कोपऱ्यात पोचले होते. "मुख्य नळ इतका कोपऱ्यात का घेतलाय?"

प्रोसेसरच्या पॉवरचा आठ पिनांचा कनेक्टर. तो तिथेच असतो, कारण वीज उतरवून प्रोसेसरला देणारा व्हीआरएम त्याच्या शेजारी असतो. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवून, कूलर चढवून, वर रेडिएटर लटकवून झाल्यावर तो जोडायला गेलं की बोटांची सालं निघतात. केबल आधी त्या कोपऱ्याजवळ ओढून ठेवायची, मग बोर्ड आत घालायचा. हे मी काकांना सांगितलं. "म्हणजे नळ आधी, फरशी नंतर," ते म्हणाले. "हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात."

मग व्हीआरएमवरच्या काळ्या, कोनाकोनांच्या, शंभर रेघोट्या ओढलेल्या आवरणावर त्यांनी पट्टीने टकटक केलं. एकदा, दोनदा, मग कान जवळ नेऊन तिसऱ्यांदा.

"पोकळ आहे."

होतंच पोकळ. खाली उष्णता शोषायला मूठभर ॲल्युमिनियम, वर प्लॅस्टिकची टोपी. मी खरेदीच्या वेळी त्या टोपीचा फोटो पाहून "हीटसिंक दणदणीत दिसतोय" असं मनातल्या मनात म्हटलेलं आठवलं आणि उघड काही बोललो नाही. फेजेसचं, म्हणजे व्हीआरएमचं काम वाटून घेणाऱ्या तुकड्यांचंही तसंच. खोक्यावर १६+२+१ लिहिलेलं असतं. ते सोळा खरोखर सोळा आहेत की आठांच्या जोड्या लावून सोळा केलेत, आणि प्रत्येकाला किती अँपिअर झेपतात, हे खोक्यावर नसतं. मध्यम ताकदीच्या प्रोसेसरला चांगल्या प्रतीचे आठसुद्धा पुरतात. तपासायचं असेल तर हीटसिंकचं वजन आणि त्याला खऱ्या, हवा खेळेल अशा पात्या आहेत का, ते बघावं. नाहीतर काकांना पट्टी घेऊन बोलवावं.

"आणि ही तीन मोठी दारं?"

"ग्राफिक कार्डाच्या खाचा. त्यातली वरची एकच खरी १६ लेनची, म्हणजे डेटाच्या सोळा वाटांची. खालच्या दोन लांबीला तेवढ्याच आहेत, आत ४ लेन."

काका सावकाश सरळ झाले. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"दार सोळा फुटी. आत बोळ चार फुटी."

"हो."

"आणि हे मंजूर झालं?"

आता मी बोर्ड बनवणाऱ्यांची बाजू घ्यायला लागलो, हे त्यातलं सगळ्यात लाजिरवाणं. म्हटलं, काका, नेटवर्क कार्ड, कॅप्चर कार्ड यांना चार लेन भरपूर होतात, आणि लांब खाचेत छोटं कार्ड बसतं. शिवाय ओळखता येतं: खाचेत टॉर्च मारून बघा, धातूचे काटे अर्ध्याच्याही आधी संपतात, पुढे नुसतं रिकामं प्लॅस्टिक. काकांनी टॉर्च मारून बघितलं. "म्हणजे पुढच्या भिंतीवर खिडकी नुसती रंगवलीय," म्हणाले, आणि लॅपटॉपकडे वळले.

इथून पुढे बराच वेळ शांतता. मी चौथ्यांदा केबल बदलली. काका बोट ठेवून ठेवून वाचत होते, घरमालकाचा करारनामा वाचावा तसं. मग एका तक्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट थांबलं.

"तुझ्या त्या चपट्या वड्या कुठे कुठे बसवल्यास?"

"एसएसडी? एक, दोन आणि तीन नंबरच्या खाचेत."

"आणि डबे?"

"हार्ड डिस्क. त्यांच्या केबलींची तोंडं, साटा पाच आणि सहा."

"तीन नंबरच्या खोलीत बिऱ्हाड आलं की पाच आणि सहा नंबरला कुलूप." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "लिहिलंय इथे. चांदणी टाकून."

चांदणी होती. तिच्याखालचं वाक्यही होतं. तीन नंबरची एम.२ खाच वापरली तर साटा ५ आणि ६ बंद होतील.

कारण मला माहीत आहे, म्हणजे त्या क्षणी सगळं आठवलं. लेन मोजक्या असतात. रायझन ७००० मालिकेतल्या डेस्कटॉप प्रोसेसरचं उदाहरण घ्या: एकूण २८ पीसीआयई लेन. १६ ग्राफिक कार्डाच्या, ४ चिपसेटशी (बोर्डावरची बाकीची वाहतूक सांभाळणारी चिप) बोलण्यात जातात, उरतात ८, त्यात दोन एम.२ भागतात. बाकी बहुतेक, म्हणजे उरलेले एम.२, साटा, नेटवर्क, बरेचसे यूएसबी, चिपसेटच्या त्या चार लेनच्या गल्लीतून जातं. चिपसेटकडच्या वाटाही मोजून असतात, म्हणून बोर्डवाले एकच वाट दोन दारांना जोडतात आणि एक उघडलं की दुसरं बंद करतात. यात अडाणीपणा काही नाही. मी राहत असलेल्या इमारतीचा नकाशा असा असता तर मात्र काकांना घाम फुटला असता.

राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत "४ एम.२, ६ साटा" छापलेलं असतं. दोन्ही खरं, पण एका वेळी नाही. बोर्डावर चकचकीत बोधचिन्हाला तळहाताएवढी जागा मिळते, साटा ५ च्या शेजारी "एम.२-३ सोबत नाही" एवढे शब्द छापायला जागा नसते. रंगीत दिव्यांच्या तारा जोडायला चार हेडर, त्यातले तीन ५ व्होल्टचे तीन पिनांचे आणि एक १२ व्होल्टचा चार पिनांचा. ५ व्होल्टची पट्टी जोर लावून १२ वर बसवली की ती मेली. आणि पॉवर बटणाचे, सगळ्यांना रोज लागणारे नऊ पिन? ते तळाच्या उजव्या कोपऱ्यात, आणि त्यांची अक्षरं अशी की भिंगाखाली धरली तरी धन आणि ऋण सारखंच दिसावं. बटणाच्या तारा उलट लागल्या तर चालतं, दिव्यांच्या लागल्या तर दिवे लागत नाहीत, एवढाच काय तो दिलासा. बोर्ड निवडताना मी आता आधी पीडीएफ उतरवणार आणि ब्लॉक डायग्रामच्या, म्हणजे कोणती वाट कुठे जाते त्या आराखड्याच्या पानाच्या आधी एकही फोटो बघणार नाही. हे मी गेल्या बोर्डाच्या वेळीही ठरवलं होतं.

"मग डबे दुसरीकडे हलव," काका म्हणाले. सोपं होतं. फक्त साटा १ ते ४ बोर्डाच्या उजव्या कडेला आडवे तोंड करून होते आणि लांबलचक ग्राफिक कार्ड त्यांच्यावर छत्रीसारखं पसरलं होतं. म्हणून तर मी पाच-सहा वापरले होते! कार्ड काढायचं तर खाचेच्या टोकाचा खटका दाबायला हवा, आणि तो कार्डाच्या पाठीमागच्या पत्र्याच्या आणि कूलरच्या मधल्या बोटभर फटीत. बोटभर म्हणजे लहान मुलाच्या बोटाएवढ्या. हल्ली काही बोर्डांवर उजव्या कडेला एक बटण देतात, ते दाबलं की खटका सुटतो. या बोर्डावर त्या जागी दिवा आहे.

मी स्क्रूड्रायव्हर उचलला. तो घसरला की बोर्डावरच्या केसाएवढ्या तांब्याच्या रेघा खरवडतो, हे मला माहीत आहे, आणि मी तरीही उचलला.

"थांब," काका म्हणाले आणि खिशातून पट्टी काढली.

प्लॅस्टिकची. वीज नेत नाही, ओरखडा काढत नाही, फटीत बरोबर बसते. चार इंच आत गेली. खट्. कार्ड सुटलं. केबली साटा १ आणि २ मध्ये गेल्या, कार्ड परत बसलं, कॅबिनेट उभं केलं, बाजूचा पत्रा लावला, सहा स्क्रू पिळले, बटण दाबलं. बायॉसमध्ये दोन्ही हार्ड डिस्क.

"काका, आल्या!"

काका पीडीएफमध्ये पुढच्या पानावर होते. "इथे अजून एक चांदणी आहे. पहिल्या खोलीत पाचव्या पिढीची वडी टाकली तर मोठ्या दाराच्या सोळाच्या आठ होतात म्हणे. तुझी कितव्या पिढीची?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात कॅबिनेटच्या आतून, पुढच्या पंख्याच्या दिशेने, टरटरटरटर असा आवाज सुरू झाला.

काकांनी मान वर केली नाही. "पट्टी माझी आहे ती," म्हणाले. "बंद कर आधी."