‘मांस ते मांस, फरक कसला?’ या मजकुराला मुद्देसूद उत्तर

धाकट्या बहिणीनं एक मजकूर पुढे पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, “ताई, हे खरं आहे का?” हाच मजकूर माझ्याकडे याआधी तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचल्यासारखा केला होता. तिच्या प्रश्नामागे कारण होतं. तिच्या रक्तात लोह कमी निघालंय आणि काय खावं, काय टाळावं हे ती खरंच ठरवते आहे. म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

मजकुराचं सार असं: कोंबडी, बोकड, डुक्कर, गाय-म्हैस, काहीही खा, शरीरावर आणि पृथ्वीवर परिणाम सारखाच. गुरांचा मिथेन हा निसर्गचक्राचा भाग आहे. कुरणात चरणारी जनावरं उलट जमीन सुधारतात. कोंबडी हॉर्मोन टोचून फुगवलेली असते, त्यापेक्षा लाल मांस (गुरं, बोकड, डुक्कर यांचं) बरं. लाल मांसाला कर्करोगाशी जोडणं ही निव्वळ घाबरवाघाबरवी आहे. जंगलं सोयाबीन खाणाऱ्यांमुळे तुटतात. आणि शेवटी, मांस जवळपासचं असलं की झालं.

“परिणाम सारखाच” या पायावर बाकी सगळं उभं आहे, म्हणून आधी तोच बघू. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेसेक यांनी २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची आकडेवारी एकत्र मांडली. त्यात १०० ग्रॅम प्रथिनांमागे किती हरितगृह वायू बाहेर पडतात याचा हिशोब आहे. फक्त मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मांसाची सरासरी ५० किलो येते, मेंढी-बोकडाची २०, दूध देणाऱ्या कळपातून आलेल्या गुरांची १७, डुकराची साडेसात आणि कोंबडीची पावणेसहाच्या आसपास. म्हणजे या यादीच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ नऊपट अंतर आहे. जमिनीचा हिशोब तर आणखी ताणलेला: तेवढ्याच प्रथिनांसाठी मांसाच्या गुरांना १६४ चौरस मीटर लागतात, कोंबडीला सात.

“सरासरीवर जाऊ नका, चांगले गोपालकही असतात,” असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. एकाच प्रकारच्या मांसात शेतागणिक प्रचंड फरक पडतो. पण मांसाच्या गुरांमधलं सगळ्यात कमी प्रदूषण करणारं दहा टक्के उत्पादन बाजूला काढलं, तर उरलेलं सगळं २० किलोच्या वरच आहे. म्हणजे त्या दहा टक्क्यांच्या उंबरठ्यावरचा चांगला गोपालकही सरासरी कोंबडीच्या तिपटीहून वरच आहे.

हा फरक कुठून येतो हे समजलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. पहिलं कारण पोट. गाय, म्हैस, शेळी, मेंढी रवंथ करतात. त्यांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव गवत आंबवतात, त्यातून मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. डुकराच्या आणि कोंबडीच्या पोटात ही भट्टी नाही. दुसरं कारण वेळ. मांसासाठीची कोंबडी साधारण सहा आठवड्यांत तयार होते. वासराला दीड-दोन वर्षं आणि अनेकदा त्याहून जास्त लागतात, आणि तेवढे दिवस ते खातं, श्वास घेतं, अंग गरम ठेवतं. तिसऱ्या कारणाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही: आई. एका वासरासाठी एक गाय वर्षभर पोसावी लागते. एक कोंबडी आयुष्यात शंभराहून जास्त पिल्लांची अंडी देते, त्यामुळे आईचा भार प्रत्येक पिल्लावर नगण्य येतो. दुधाच्या कळपातल्या गुरांचा आकडा ५० वरून १७ वर येतो तो याचमुळे; तिथे आईच्या खाण्याचा बराचसा हिशोब दुधाच्या नावावर जातो.

आता मिथेनच्या चक्राचा मुद्दा. मजकुरातला हा सगळ्यात हुशार भाग आहे आणि अर्धा बरोबरही आहे. गवतानं हवेतून घेतलेला कार्बन जनावराच्या पोटातून मिथेन होऊन बाहेर पडतो, सुमारे बारा वर्षांत त्याचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो पुन्हा गवतात जातो. कोळसा जाळल्यावर येतो तसा हा जमिनीखालचा जुना कार्बन नाही, हे कबूल. पण कार्बनचे अणू मोजून भागत नाही, तो कार्बन मधल्या काळात कोणत्या रूपात हवेत राहतो हे बघावं लागतं. मिथेनच्या रूपात तो शंभर वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरतो, वीस वर्षांच्या हिशोबानं सुमारे ८० पट.

यावर पुढचा युक्तिवाद असा येतो की कळप तेवढाच राहिला तर हवेतला मिथेनही तेवढाच राहतो, मग नवी तापवणूक कुठून आली? अंगावर बारा गोधड्या आहेत असं धरा. रोज एक जुनी काढायची, एक नवी चढवायची. गोधड्या वाढत नाहीत हे खरं, पण घाम येतच राहतो. शिवाय जगातला गुरांचा कळप गेल्या साठ वर्षांत तेवढाच राहिलेला नाही, वाढला आहे. औद्योगिक युगाआधीपासून आजवर झालेल्या तापमानवाढीत मिथेनचा वाटा साधारण अर्ध्या अंशाचा आहे. तो सगळा गुरांचा नाही. तेल-वायूच्या विहिरी, कोळशाच्या खाणी, भातशेती, कचरा यांचाही त्यात हात आहे. पण मिथेन लवकर विरतो, म्हणून तो कमी केला तर परिणामही लवकर दिसतो. मजकूर ज्या गुणाचा आधार घेऊन गुरांना निर्दोष ठरवतो, त्याच गुणामुळे गुरांचं मांस कमी करणं हा पृथ्वीला चटकन दिलासा देणारा उपाय ठरतो.

कुरणांबद्दलही तसंच. नीट चराई झाली तर मातीत कार्बन साठतो हे नाकारायचं कारण नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या पुढाकारानं २०१७ मध्ये यावर मोठा आढावा निघाला. चांगल्या परिस्थितीतही मातीत मुरणारा कार्बन चरणाऱ्या जनावरांच्या उत्सर्जनापैकी २० ते ६० टक्केच भरून काढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. तेही कायमचं नाही, कारण काही दशकांत माती तृप्त होते आणि साठवण थांबते. ढेकर मात्र चालूच राहतात. जिथे पीक येतच नाही अशा माळरानावर जनावर पाळणं शहाणपणाचं असू शकतं, आणि अनेकांचं पोट त्यावर आहे. पण तेवढ्या माळरानांवर जगाची आजची भूक भागत नाही, आणि जंगल तोडून केलेल्या कुरणाला हा युक्तिवाद लागूच होत नाही.

कोंबडीला हॉर्मोन टोचतात, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा राग येतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या जातींच्या कोंबड्या शेजारीशेजारी वाढवल्या. खाद्य एकच, देखभाल एकच. छप्पन दिवसांनी पहिलीचं वजन भरलं ९०५ ग्रॅम, दुसरीचं १,८०८ आणि तिसरीचं ४,२०२. हॉर्मोनचा थेंब नाही. हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचं फळ आहे. अमेरिकेत कोंबड्यांना हॉर्मोन देण्यावर १९५०च्या दशकापासून बंदी आहे. गुरांना मात्र तिथे वाढीचे हॉर्मोन देता येतात! म्हणजे ज्या लाल मांसाची मजकूर शिफारस करतो, हॉर्मोनचा आक्षेप खरा तर त्यालाच जास्त लागू पडतो.

पण कोंबडीची वकिली करून मला थांबायचं नाही, कारण इथे उलटी चूकही सर्रास होते. २००५च्या त्या कोंबडीचे पाय आणि हृदय एवढं वजन पेलायला घडलेलेच नसतात. जगात वर्षाला ७,००० कोटींहून अधिक कोंबड्या कापल्या जातात, गुरं साधारण ३० कोटी. गुरांकडून कोंबडीकडे वळलो की वायू कमी होतात आणि जिवांची संख्या कैक पटींनी वाढते. दुसरी गोष्ट अँटिबायोटिक्सची. जगात विकल्या जाणाऱ्या जंतुनाशक औषधांपैकी अंदाजे ७३ टक्के अन्नासाठी पाळलेल्या जनावरांवर खर्च होतात. इतर औषधं हरल्यावर रुग्णाला ज्याचा आधार असतो त्या कोलिस्टिनला दाद न देणारा, एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारू शकणारा जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये नोंदवला गेला. तो डुकरांत आणि बाजारातल्या डुकराच्या व कोंबडीच्या मांसातही सापडला. उत्सर्जनाच्या तक्त्यात या गोष्टीला रकानाच नाही. तिसरं, कोलेस्टेरॉल. २०१९ मध्ये ११३ निरोगी लोकांना आळीपाळीनं लाल मांसाचा, पांढऱ्या मांसाचा आणि वनस्पतिजन्य प्रथिनांचा आहार देऊन पाहिला. वनस्पतींच्या तुलनेत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, दोन्ही मांसांनी वाढवला, आणि सारखाच वाढवला. तेव्हा केवळ कोलेस्टेरॉलसाठी बोकडावरून कोंबडीवर गेलेल्या माणसानं फार मोठ्या आशा बाळगू नयेत. एवढ्या एका मापावर मजकुराचं ‘सारखाच’ खरं ठरतं.

कर्करोगाचं मात्र तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ऑक्टोबर २०१५ मध्ये ८०० हून अधिक अभ्यास तपासून प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कर्करोगकारक असल्याचा पुरेसा पुरावा. लाल मांस ‘बहुधा’ या गटात. “सिगारेटच्या रांगेत मांस बसवलं” अशी टिंगल मजकूर करतो. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. आकार पाहायचा तर प्रक्रिया केलेल्या मांसामुळे जगभरात वर्षाला अंदाजे ३४,००० कर्करोगमृत्यू होतात आणि तंबाखूमुळे सुमारे १० लाख. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्यानं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरात पाच जणांना होणार असेल, तर सहाच्या जरा अलीकडे. हा धोका छोटा आहे पण खरा आहे, आणि रोजच्या सवयीचा आहे. खारवलेलं, धुरावलेलं, नायट्राइट घातलेलं कोंबडीचं सॉसेज हेही प्रक्रिया केलेलंच मांस, हे विसरू नका. “चिकनचंच आहे ना” म्हणून मुलांच्या डब्यात ते बिनधास्त जातं.

सोयाबीनचं एका वाक्यात सांगता येतं: जगातल्या सोयाबीनपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनावरांच्या, मुख्यतः कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जातं आणि टोफू, सोयादूध अशा रूपात माणसाच्या तोंडी त्यातलं सातेक टक्केच येतं. अंतराचा मुद्दाही लवकर संपतो. अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतूक जेमतेम ६ टक्के आहे, आणि गुरांच्या मांसात एक टक्काही नाही. शेजारच्या गोठ्यातली गाय तेवढेच ढेकर देते.

राहिला बहिणीचा प्रश्न, आणि इथे मजकूर ज्याला हात घालत नाही ते सांगायला हवं. लोह आणि बी-१२ या बाबतीत लाल मांस कोंबडीपेक्षा खरंच सरस आहे, आणि मांसातलं लोह शरीर वनस्पतींतल्यापेक्षा सहज शोषून घेतं. म्हणजे पृथ्वीसाठीचा क्रम आणि लोहासाठीचा क्रम एकमेकांविरुद्ध जातात. लोह कमी असलेल्या तरुणीनं आठवड्यातून एक-दोनदा ताजं लाल मांस खाल्लं तर मी तिला अडवणार नाही. जागतिक कर्करोग संशोधन निधीची मर्यादाही आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम अशी आहे. पण तिला मी आणखी एक पर्याय सुचवला: कालवं आणि तिसऱ्या. शिंपल्यातले हे जीव पाणी गाळून जगतात, त्यांना खाद्य घालावं लागत नाही, जमीन लागत नाही, मिथेनचा प्रश्न नाही, आणि तिसऱ्यांत लोह व बी-१२ भरपूर असतं. पाणी स्वच्छ असल्याची खात्री मात्र हवी, कारण ते जे गाळतात ते त्यांच्यातच साठतं.

तिनं लगेच उलट विचारलं, “मग मासे?” लहान मासे, तारली-बांगड्यासारखे, खुशाल खा, असं कळवलंय. शार्क, तलवार मासा असे मोठे शिकारी मासे टाळ, विशेषतः पुढे गरोदरपणात, कारण लहान माशांतला पारा त्यांच्या अंगात साठत जातो.