‘परवानगी नाकारली की फोन सुरक्षित’ हे खरं नाही

रत्नागिरी-देवगडकडच्या बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे अॅपला परवानग्या नाकारल्या की ते काहीच करू शकत नाही. अँड्रॉइडच्या आतल्या लिनक्सचा कोड सगळ्यांसमोर असल्याने त्यात चूक टिकत नाही. आणि अपडेटने फोन स्लो होतो, तेव्हा टाकूच नका. ज्या फोनवर हापूसच्या पेट्यांचे पैसे जमा होतात त्यावरच लोक हा सल्ला पाळतायत, म्हणून लिहितोय.

आधी परवानग्या. त्यांची राखण शेवटी कर्नलच्या, म्हणजे अँड्रॉइडचा गाभा असलेल्या त्या लिनक्सच्याच, भरवशावर असते. कर्नलमध्ये एमएमॅप नावाची सोय आहे: फाइलचा किंवा उपकरणाच्या मेमरीचा तुकडा प्रोग्रॅमला थेट स्वतःच्या मेमरीसारखा वापरता येतो. ग्राफिक्स, कॅमेरा यांना वेगासाठी ती हवीच. पण कुठला तुकडा, केवढा आणि कुणाला द्यायचा, हे ड्रायव्हरने, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडने, तपासायचं असतं. २०१२ साली सॅमसंगच्या एक्सिनॉस चिपवाल्या गॅलेक्सी एस३, नोट २ वगैरे फोनांत ‘एक्सिनॉस-मेम’ ही डिव्हाइस फाइल कुठल्याही अॅपला वाचा-लिहायला मोकळी सापडली. तिच्यातून फोनची सगळी मेमरी, खुद्द कर्नलची जागासुद्धा, मॅप करता येत होती. एकही परवानगी न मागता साधं अॅप ‘रूट’, म्हणजे अख्ख्या फोनचं मालक, होऊ शकत होतं. गडगा छातीएवढा आणि बेडं सताड उघडं!

‘चूक टिकत नाही’ म्हणणाऱ्यांनी ‘डर्टी काऊ’ ही लिनक्समधली चूक आठवावी. एमएमॅपने फाइल ‘खासगी’ म्हणून घेतली, तर तिच्यावर लिहिताना कर्नलने मेमरीतल्या त्या पानाची (तुकड्याची) प्रत काढून तिच्यावर लिहायचं असतं. प्रोग्रॅमचा एक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) लिहीत राहिला, दुसरा ती प्रत टाकून द्यायला सांगत राहिला, आणि नेमकी वेळ जुळली, की लिखाण थेट मूळ फाइलवर जायचं; तीही फक्त वाचण्यापुरती दिलेली फाइल. कर्नलमध्ये कित्येक वर्षं असलेली ही चूक ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाली. त्या आधी, २००५ सालीच लिनक्सचे कर्ते लिनस तोर्वाल्ड्स यांनी त्यावर उपाय करून पाहिला होता. एका विशिष्ट प्रकारच्या मशीनवर अडचण येते म्हणून तो मागे घेतला गेला. खुद्द कर्त्याला दिसलेली चूक एवढी वर्षं राहिली!

अपडेटने जुना फोन कधी जड होतो, कबूल. पण वरची दोन्ही भोकं बुजली ती अपडेटनेच. सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल आणि नवं काही येतच नसेल, तर तो फोन गाण्यांना, फोटोंना ठेवा. यूपीआय आणि बँकेचं अॅप त्यावरून आजच काढा.