एस्टोनिया ‘दहा हजार वर्षं जुन्या धर्माकडे परतला’ हे खरं नाही

पुन्हा तोच मेसेज फिरतोय: ‘एस्टोनियाने ख्रिस्ती धर्म टाकला, निम्मी जनता आपल्या दहा हजार वर्षं जुन्या निसर्गधर्माकडे परतली. त्यांची तारा म्हणजे आपली तारादेवीच!’ या धर्माला तिकडे माउस्क म्हणतात, म्हणजे भूमीवरची श्रद्धा. मला त्याबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच हे खोडावंसं वाटतं.

‘निम्मी जनता’ कुठून आली? २०२१च्या जनगणनेत माउस्क किंवा तारापंथ (‘तारा’ या देवाला मानणारा त्याचा भाऊबंद पंथ) सांगणारे जेमतेम साडेपाच हजार भरले, आणि देश १३ लाखांचा. ५८ टक्क्यांनी कुठलाच धर्म मानत नाही असं सांगितलं. चर्च सुटलं हे खरं, पण सुटलेले बहुतेक जण दुसरीकडे कुठेच गेले नाहीत. २००५च्या युरोबॅरोमीटर या युरोपीय संघाच्या जनमत पाहणीत ५४ टक्के लोक ‘काहीतरी चैतन्य, जीवनशक्ती आहे’ म्हणाले होते. बहुधा त्याचंच हे झालं असावं.

दहा हजार वर्षं त्यांच्या दिनदर्शिकेतली आहेत. तिच्यात २०२१ हे साल १०२३४ होतं. पण मोजणी सुरू होते ती हिमयुग सरताना बाल्टिकचं पाणी ओसरून जमीन वर आली तिथून. धर्माच्या स्थापनेशी तिचा संबंध नाही. तारापंथ तर १९२८ साली कुस्तास उतुस्ते आणि मंडळींनी उभा केला, सोव्हिएत राजवटीने तो चिरडला. माउस्क मानणाऱ्यांची आजची ‘मावल्ला कोडा’ ही संस्था १९९५ची.

तारादेवीचं तर सोडूनच द्या. एस्टोनियन ही फिनिशच्या कुळातली भाषा, संस्कृतच्या कुळातली नाही. लिव्होनियाचा हेन्री या ख्रिस्ती पाद्री-इतिहासकाराने तेराव्या शतकात ‘थारापिता’ नावाचा देव नोंदवला, त्यावरून ‘तारा’ हे नाव घेतलं.

म्हणजे सगळं बनावट? अजिबात नाही. असं म्हणणारेही तितकेच चुकतात. हेन्रीच लिहितो की विरु प्रांतातल्या एका टेकडीवरच्या रानात हा देव जन्मला असं लोक मानत, आणि पाद्र्याने तिथल्या मूर्ती तोडल्या. मूर्ती गेल्या, पण अशी राखलेली रानं पुढेही टिकली. ‘हीस’ म्हणजे तिथली देवराईच. फांदी मोडायची नाही. दगडावर चांदीचा कीस पाडून वाहायचा, झाडाला लोकरीचा धागा बांधायचा. शरदात घरी पितरांसाठी पान वाढून ठेवायचं. हे कुण्या संस्थेने शोधून काढलेलं नाही. लोकसाहित्याचा संग्राहक याकोब हुर्टने १८८८ साली आवाहन केल्यावर गावोगावहून लोककथा-गाण्यांची लाखाहून अधिक पानं जमली, ती याच जगातली.

आणि एस्टोनियातल्या पालुकुलाची पवित्र टेकडी स्कीइंग केंद्रासाठी खोदायचं घाटलं, तेव्हा हीच मूठभर माणसं तिच्यासाठी कोर्टात उभी राहिली.