मेळ्यातली गाडी: निम्मा टॅक्स सरकार सोडतं, डीलर काय सोडतो?

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा लागला की शहरातल्या लष्कर, मुरार या भागांतल्या निम्म्या घरांत एकच विषय असतो, गाडी मेळ्यातूनच घ्यायची. १९०५ पासूनचा मेळा, पण आता सगळ्यांत जास्त गर्दी ऑटोमोबाइल सेक्टरमध्ये. कारण रोड टॅक्सवर ५० टक्के सूट. सूट खरी आहे, मिळत असेल तर घ्यावीच. माझं म्हणणं एवढंच की तिच्या आनंदात लोक डीलरशी भाव करायचाच विसरतात.

"सर, टैक्स तो आधा हो ही रहा है, अब और क्या कम करें?" हे वाक्य तिथे हमखास ऐकू येतं. समजा टॅक्स ८०,००० आहे. तुमचे ४०,००० वाचले, पण ते शासनाने सोडले, डीलरच्या खिशातून एक रुपया गेला नाही. म्हणून टॅक्सचा विषय बाजूला ठेवून आधी एक्स-शोरूमवर, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीच्या किमतीवर, काय सोडता ते विचारा: कॅश डिस्काउंट, एक्सचेंज बोनस, कॉर्पोरेट ऑफर, प्रत्येकाचा आकडा वेगळा, लेखी. मग त्याच मॉडेलचं, त्याच व्हेरिएंटचं दुसऱ्या डीलरचं कोटेशन आणा.

सूट आपोआप मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. ती त्या वर्षीच्या शासकीय आदेशावर असते, विक्री मेळ्याच्या काळातली लागते आणि कायमची नोंदणी ग्वाल्हेर आरटीओत, म्हणजे एमपी ०७ मध्ये. नुसत्या बुकिंगच्या पावतीवर भागत नाही. वेटिंगवाली गाडी असेल तर "मिल जाएगी" ऐकून टोकन देऊ नका. चेसिस नंबर, म्हणजे गाडीवर कोरलेला तिचा ओळख क्रमांक, अलॉट झाला का ते विचारा, आणि मेळ्यात डिलिव्हरी नाही झाली तर टोकन पूर्ण परत, हे पावतीवर लिहून घ्या.

आता कोटेशन. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक चार्ज' दिसला की सरळ काट मारायला सांगा. 'बेसिक किट' म्हणजे मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर. सक्तीची नाही, बाहेर बऱ्याच कमीत होते. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने तुमच्या नावे गोळा केलेला आयकर, लागतो, पण तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. थर्ड पार्टी ३ वर्षांचा लागतोच, ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, १ वर्षाचा चालतो. दोन विमे ताडून बघताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेपसारखे (घसारा न कापता भरपाई देणारे) ॲड-ऑन सारखे आहेत ना ते आधी पाहा. आयडीव्ही खाली ओढला की प्रीमियम स्वस्त दिसतो, आणि गाडी चोरीला गेली की तो स्वस्तपणा कळतो.

लोनचं थोडक्यात: 'फ्लॅट ५ टक्के' ऐकून खूश होऊ नका, फ्लॅट म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज मूळ पूर्ण रकमेवरच. १० लाख, ५ वर्षं, हप्ता २०,८३३, म्हणजे घटत्या शिलकीवर ९ टक्क्यांच्या वर.

मेळ्याची खरी मेख मात्र उत्पादनाच्या तारखेत आहे. मेळा जानेवारीच्या आसपास, आणि यार्डात गेल्या वर्षीचा स्टॉक पडलेला. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत घेतली तर विकताना ती कागदावर एक वर्ष जुनी. घेऊच नये असं नाही, पण मग तेवढी किंमत उतरली पाहिजे. महिना आणि वर्ष सेल सर्टिफिकेटवर, म्हणजे फॉर्म २१ वर, लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ३८२५ म्हणजे २०२५ चा ३८वा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी पाहा. एखादाच टायर बाकीच्यांपेक्षा खूप वेगळ्या तारखेचा असेल तर का बदलला, ते विचारा.

गाडी पाहायची ती नोंदणी आणि पूर्ण पैसे भरण्याआधी, आणि उन्हात. शोरूमच्या दिव्यांत सगळ्याच गाड्या चकाकतात. बॉनेट उघडून फेंडरच्या बोल्टकडे बघा. डोक्यावरचा रंग उडाला असेल तर पान्हा लागलेला आहे. दारांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या हव्यात. तिरपं उभं राहून पॅनेलवर नजर फिरवली की पुन्हा मारलेला रंग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. मॅट उचलून खाली हात लावा, ओल असेल तर पाणी शिरलंय. यार्डात उभ्या गाडीत उंदीर वायरिंग कुरतडतात, म्हणून प्रत्येक काच, आरसा, दिवा, वायपर चालवून बघा आणि एसी दहा मिनिटं सुरू ठेवा. किलोमीटर शंभरच्या वर असतील तर ती टेस्ट ड्राइव्हची तर नाही ना?

हवाही तपासा. वाहतुकीत टायर जास्त फुगवलेले असतात आणि कित्येकदा तसेच हातात येतात. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा धरून भरून घ्या. चेसिस नंबर गाडीवर, इनव्हॉइसवर आणि विम्यावर एकच आहे ना ते अक्षर-अक्षर लावून बघा, दोन्ही चाव्या मागा, आणि मग पेढ्यांचा बॉक्स उघडा.